औषधाची चाचणी : प्रश्न कोणाचा, उत्तर कोणासाठी?

दवाखान्यात डॉक्टर नाही, औषध बाहेरून आणावयास सांगतात, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, अशा प्रश्नांवर आपले कार्यकर्ते नेहमी लढत आले आहेत. पण जे औषध बाहेरून आणावयास सांगितले जाते ते मुळात उपयोगी आहे हे कोणी ठरवले, कसे ठरवले आणि कोणाच्या शरीरावर ठरवले, हा प्रश्न आपण तज्ज्ञांचा म्हणून सोडून देतो. आरोग्याच्या राजकारणातली ही एक मोठी उणीव आहे. चाचणीचा आराखडा चुकला तर त्याची किंमत प्रयोगशाळेला मोजावी लागत नाही. ती मोजतो सावकाराकडून पैसे काढून औषध आणणारा शेतमजूर.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली ‘घाटी’, मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील गरिबांचा शेवटचा आधार आहे. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. याच शहराच्या चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत औषधे तयार होतात. रुग्ण येथे, औषध येथे, वैद्यकीय शिक्षण येथे. म्हणून या विषयाची चर्चा याच शहरातून व्हावी हे योग्य आहे.

प्रथम अगदी अलीकडचा अनुभव घेऊ. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रातील शहराशहरांत रेमडेसिविर या इंजेक्शनासाठी रांगा लागल्या. काळा बाजार झाला, दागिने गहाण पडले. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत मिळून केलेल्या मोठ्या चाचणीचा अंतरिम निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच प्रसिद्ध झाला होता. रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू टाळण्यात या औषधाचा फारसा उपयोग दिसत नाही, असे त्यात म्हटले होते. पुढे काही मर्यादित प्रकारच्या रुग्णांत थोडा लाभ दिसला हे खरे. पण जीव वाचवणारे अमृत म्हणून ज्याच्यासाठी लोक धावले ते अमृत नव्हते. उलट जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोन या जुन्या व अत्यंत स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासोच्छ्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने, तर प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांचे सुमारे एक पंचमांशाने कमी होतात हे दाखवून दिले. ज्यांना प्राणवायूची गरज नाही त्यांना त्याचा लाभ नाही, हेही त्याच चाचणीने सांगितले होते. हे दुसरे वाक्य अनेकांनी वाचलेच नाही. सौम्य आजाराच्या रुग्णांनाही सरसकट स्टेरॉइड दिली गेली आणि मधुमेहींमध्ये म्युकरमायकोसिसचा जो कहर झाला त्याच्या कारणांत या वारेमाप वापराची गणना तज्ज्ञांनी केली. रक्तद्रव उपचाराचेही तेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी केली, मृत्यू कमी होत नाहीत असे आढळले, तो अहवाल ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. आणि तरीही मे २०२१ पर्यंत हा उपचार अधिकृत मार्गदर्शनात टिकून राहिला. तोवर दात्यांच्या शोधात नातेवाईक वणवण फिरत होते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. नीट आखलेली चाचणी ही गरिबाची मित्र आहे. महाग औषधाची जाहिरात आणि स्वस्त औषधाचा गुण यांतला न्याय दुसऱ्या कोणत्याही मार्गाने होत नाही.

नीट आखलेली म्हणजे काय? ‘मला गुण आला’ हा पुरावा नव्हे, कारण पुष्कळ आजार आपोआप बरे होतात. शंभर जणांना औषध दिले आणि नव्वद बरे झाले, हाही पुरावा नव्हे. औषधाविना किती बरे झाले असते हे त्यातून कळत नाही. म्हणून तुलनेचा गट लागतो. तुलना खरी व्हावी यासाठी दोन्ही गट सारखे असावे लागतात. औषध कोणाला द्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडले तर तरणेताठे एका बाजूला आणि थकलेले दुसऱ्या बाजूला जाण्याचा धोका असतो. म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटणी करावयाची. चिठ्ठीला जात कळत नाही, पैसा कळत नाही, वशिला कळत नाही. शक्य तेथे कोणाला काय मिळाले हे रुग्णाला व तपासणाऱ्यालाही कळू द्यावयाचे नाही, म्हणजे आशेचा रंग मोजमापाला लागत नाही. काय मोजणार, किती दिवस मोजणार आणि किती माणसांत मोजणार हे आधीच लिहून ठेवावयाचे, म्हणजे निकाल पाहून प्रश्न बदलण्याची सोय उरत नाही. आणि मध्येच सोडून गेलेल्यांचाही हिशेब द्यावयाचा.

हे शास्त्र केवळ पश्चिमेकडून आलेले आहे असे मानण्याचे कारण नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या उपचाराचे केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयाच्या रुग्णाने आरोग्यधामात महिनोन्‌महिने पडून राहावे, उत्तम आहार घ्यावा, असे मानले जाई. गरीब देशाला हे परवडणारे नव्हते. मद्रासच्या संशोधकांनी रुग्णांची चिठ्ठ्यांनी दोन गटांत वाटणी केली. औषधे दोघांना तीच. पण एक गट आरोग्यधामात राहिला, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात, तुटपुंज्या आहारावर. वर्षअखेर आरोग्यधामातील ९२ टक्के व घरच्यांपैकी ८६ टक्के रुग्णांचा रोग आटोक्यात आला होता. घरी राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण झाली असेही आढळले नाही. १९५९ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि जगभर आरोग्यधामांची सद्दी संपावयास सुरुवात झाली. प्रश्न गरिबाच्या परिस्थितीतून निघाला होता, आणि म्हणूनच उत्तर गरिबाच्या कामी आले.

आता आपल्या घराजवळचे, अधिक अवघड उदाहरण पाहू. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी एक प्रचंड चाचणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. पैसा अमेरिकेतील गेट्स प्रतिष्ठानाचा होता. बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही चालू होती आणि धाराशिवचे भूम व परांडा हे तालुके तिच्या कक्षेत होते. नोंदी ठेवण्याच्या या शांत, कष्टाच्या कामावाचून पुढची चाचणी उभीच राहिली नसती.

तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे ५२ समूह करून त्या समूहांची चिठ्ठ्यांनी चार भागांत वाटणी केली. एका भागात एच.पी.व्ही. विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या भागाला नेहमीची उपलब्ध सेवा. बाईगणिक चिठ्ठी न टाकता गावांच्या समूहाला का? कारण एकाच आळीतील दोघींपैकी एकीची तपासणी करावयाची व दुसरीची नाही, हे ना व्यवहारात शक्य ना माणुसकीत. पण याचा अर्थ असाही होतो की चाचणीचे खरे बळ सव्वा लाख स्त्रियांच्या आकड्यात नसून ५२ समूहांत असते. मोठा आकडा पाहून दिपून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला. एच.पी.व्ही. तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांत १२७ जणींना कर्करोग आढळला. तुलनेच्या गटातील ३१,४८८ स्त्रियांत ११८ जणींना. एवढेच पाहणारा म्हणेल की तपासणीने काहीच साधले नाही. पण पुढारलेल्या अवस्थेतील रोग पहिल्या गटात ३९ जणींना होता, दुसऱ्यात ८२ जणींना. आणि मृत्यू? पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. दर दहा हजारांमागे सुमारे १० विरुद्ध २०. म्हणजे एका तपासणीने आठ वर्षांतले मृत्यू निम्म्यावर आले. काय मोजावयाचे हे आधी नीट ठरवले नसते तर हे सत्य आकड्यांत बुडून गेले असते. उरलेल्या दोन तपासण्यांत मृत्यूंची घट योगायोगापलीकडची म्हणता येईल एवढी दिसली नाही.

या निकालाने जगाचे धोरण घडवण्यास हातभार लावला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक तपासणी म्हणून एच.पी.व्ही. चाचणीची शिफारस केली, तिच्या आधारांत धाराशिवच्या स्त्रियांचा वाटा आहे. पण त्या ६४ जणींचे काय? येथे वाद पेटला. पॅप तपासणी जगात अनेक दशके जीव वाचवीत असताना तुलनेच्या गटाला काहीच न देणे अन्यायाचे होते, असे टीकाकारांचे म्हणणे. धाराशिव, मुंबई आणि तामिळनाडूतील दिंडिगल या तीन चाचण्यांच्या तुलना-गटांत मिळून २५४ स्त्रिया या रोगाने दगावल्या, हा आकडा त्यांनी मांडला. संशोधकांचे उत्तर असे की भारतात तपासणीची सेवाच नव्हती, तेव्हा आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. मुंबईच्या चाचणीला अमेरिकी सरकारी संस्थेचा पैसा होता. तीत स्त्रियांना संमतीसाठी दिलेली माहिती अपुरी होती, असे तेथील देखरेख कार्यालयाने पुढे नमूद केले.

या वादात घाईने बाजू घेणे सोपे आहे. संशोधकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. खेड्यातल्या परिस्थितीत एकदाच केलेली पॅप तपासणी मृत्यू कमी करील की नाही, ही शंका खरी होती. निकालाने ती खरी असल्याचे दाखवले. आम्लाच्या तपासणीचेही तसेच. धाराशिवमध्ये ती एकदाच केली, लाभ स्पष्ट दिसला नाही. दिंडिगलमध्ये एकदाच केली, पण मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकाच चाचणीवर धोरणाचा डोलारा उभारू नये, हा त्यातला धडा.

तथापि ‘नेहमीची उपलब्ध सेवा’ या शब्दांमागे लपू देता कामा नये. ज्या जिल्ह्यात शासनाने काहीच दिलेले नाही तेथे नेहमीची सेवा म्हणजे शून्य. शासनाची अनास्था हेच शास्त्राचे प्रमाण ठरले तर जो जिल्हा अधिक उपेक्षित तो प्रयोगाला अधिक सोयीचा, असा उफराटा न्याय निर्माण होतो. प्रामाणिक शंका असेल तेथेच तुलनेचा गट न्याय्य. आणि ती शंका त्या स्त्रीला तिच्या भाषेत सांगितली पाहिजे : तुमच्या गावाला तपासणी मिळणार नाही, अशी तपासणी अन्यत्र उपलब्ध आहे, ती हवी असल्यास कोठे मिळेल. निकाल लागताच तुलनेच्या गटाला ती सेवा देण्याची जबाबदारी, पैशाच्या तरतुदीसह, आराखड्यातच लिहिलेली असली पाहिजे.

आणि सर्वांत मोठा अपराध तर निकालानंतरचा आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या दोन टक्केही नव्हत्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शनात दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी करावयाची म्हटले होते. कागद कागदावरच राहिला. ज्या देशातील स्त्रियांनी आपल्या शरीराने जगाला उत्तर दिले त्या देशाने ते उत्तर वापरलेच नाही. तुलनेच्या गटावर झालेला अन्याय चाचणीपुरता होता. हा अन्याय कोट्यवधींवर रोज चालू आहे.

शेजारच्या बीड जिल्ह्याकडे पाहा. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची अशी शस्त्रक्रिया झालेली होती, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही पाहण्यांतील स्त्रियांची वये सारखी नसतील तर तुलना काटेकोर ठरत नाही, हे खरे. पण एवढी तफावत केवळ वयाने समजावून देता येणार नाही. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ ही भीती या स्त्रियांना घातली गेल्याचे त्या वेळी पुढे आले. ज्या भागात कर्करोग आहे की नाही हे सांगणारी साधी तपासणी मिळत नाही त्या भागात त्याची भीती मात्र विकत मिळते. पुरावा जेथे पोहोचत नाही तेथे बाजार पोहोचतो.

मग चांगले संशोधन आपल्याकडे होत नाही काय? होते. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८९ मध्ये दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियाच मोजल्या असत्या तर हे कधी कळले नसते. पुढे १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजातांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. येथे गावांची वाटणी चिठ्ठ्यांनी झाली नव्हती, ही शास्त्राच्या दृष्टीने उणीव म्हणता येईल. पण प्रत्येक जन्ममृत्यूची नोंद होती, प्रश्न लोकांचा होता, आणि उत्तर २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या पिशवीतून देशभर गेले. धाराशिवच्या आराखड्याचा काटेकोरपणा आणि गडचिरोलीच्या उत्तराचा प्रवास, हे दोन्ही एकत्र आले पाहिजेत.

कायदा आज आपल्या हाती काही साधने देतो. ती वापरण्याची सवय आपल्याला नाही. भारतातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि औषधांच्या चाचण्यांना तीत आगाऊ नोंद १५ जून २००९ पासून सक्तीची झाली. ती कोणालाही पाहता येते. २०१९ च्या नव्या नियमांनुसार प्रत्येक नैतिकता समितीत किमान सात सदस्य हवेत. त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत. एक स्त्री, एक कायदेतज्ज्ञ आणि एक सामान्य नागरिक असावा. चाचणीमुळे इजा वा मृत्यू झाल्यास भरपाईची तरतूद आहे. समितीतील सामान्य नागरिकाची खुर्ची बहुधा कोणाच्या तरी ओळखीच्या सद्गृहस्थाने भरली जाते. ती जागा शिकल्या-सवरलेल्या कार्यकर्त्याने, शिक्षिकेने, कामगार संघटनेच्या प्रतिनिधीने मागून घेतली पाहिजे.

त्या खुर्चीवर बसणाऱ्याने वैद्यकशास्त्र शिकण्याची गरज नाही. त्याने एवढेच विचारावे : हा प्रश्न कोणाला पडला आहे, रुग्णाला की विक्रेत्याला? तुलना कशाशी आहे, आज मिळणाऱ्या उत्तम उपचाराशी की शून्याशी? वाटणी कोणी व कशी केली? मोजणार काय, रक्तातला एखादा आकडा की माणसाचे जगणे-मरणे? माणसे पुरेशी आहेत काय? कारण फार थोड्या माणसांची चाचणी उत्तर देत नाही. तेथे लोकांना घातलेला त्रास निव्वळ वाया जातो. संमतीचा कागद मजूर बाईला वाचून दाखवला तर कळेल काय? निकाल प्रतिकूल आला तरी छापला जाईल काय? आणि औषध गुणकारी ठरले तर ज्यांनी शरीर दिले त्यांना ते मिळेल काय?

या प्रश्नांना घाबरणारा संशोधक चांगला संशोधक नव्हे. चांगल्याला त्यांनी बळच येते. आपल्या बाजूनेही एक पथ्य पाळले पाहिजे. चाचणी म्हटली की ‘गरिबांना उंदीर बनवले’ अशी आरोळी ठोकणे सोपे असते, टाळ्याही मिळतात. पण चाचणीच होऊ दिली नाही तर न तपासलेले औषध गरिबाच्या पोटात जातच राहते. तोही प्रयोगच असतो, फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

तेव्हा मागणी दुहेरी असली पाहिजे. सरकारी महाविद्यालयांतील संशोधनाला सार्वजनिक पैसा मिळावा, म्हणजे ऊसतोड कामगाराची पाठदुखी, उन्हाळ्यातील उष्माघात, बाळंतिणीचा पंडुरोग असे बाजाराला न परवडणारे प्रश्न विचारले जातील. आणि धाराशिवने जगाला दिलेली तपासणी प्रथम मराठवाड्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळावी. आपल्या तालुक्यातील केंद्रात ती होते काय, हे प्रत्येक शाखेने या महिन्यात जाऊन विचारावे, आणि मिळालेले उत्तर तारखेनिशी लिहून ठेवावे.